मानांकनाचे माहात्म्य

पुण्यातल्या वर्तमानपत्रांत वर्षातून दोन-चारदा एक ठरावीक बातमी येते : अमुक गावच्या तमुक मालाला जीआय मानांकन मिळाले. सोबत पेढे भरवतानाचे छायाचित्र असते. ही बातमी वाचताना मी दर वेळी ‘मानांकन’ या शब्दावर अडतो. माझी तीस वर्षे सदाशिव पेठेतल्या एका छापखान्याची मुद्रिते तपासण्यात गेली, त्यामुळे शब्दावर अडणे ही सवयच झाली आहे. जीआय या संक्षेपातला दुसरा शब्द ‘इंडिकेशन’ आहे. इंडिकेशन म्हणजे खूण, निर्देश. हा माल कुठला, हे सांगणारी खूण, एवढेच. त्यात मान कुठेही नाही. मराठीने खुणेचा मान केला आणि मग तो मिळाला म्हणून पेढे वाटले.

एका शब्दावरून एवढे काहूर कशाला, असे वाचकांना वाटेल. मलाही वाटले असते. पण दिंडोरी तालुक्यात माझ्या मावसभावाची द्राक्षबाग आहे. दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. २००५ साली त्याने दोन एकरांवरची खाण्याची द्राक्षे काढून शिराझ नावाची वाइनची जात लावली. एका वाइनरीशी लेखी करार होता. एकरी पाच टनांवर माल धरायचा नाही, साखर इतकी भरल्याशिवाय तोडायचा नाही, तोडणीची तारीख कंपनी सांगेल, अशी कलमे त्यात होती. खाण्याच्या द्राक्षांचे एकरी दहा टन काढण्याची सवय असलेल्या माणसाला घड कापून जमिनीवर टाकताना काय वाटते, ते दादाने मला बागेत उभे राहून सांगितले आहे. २००८ च्या अखेरीस मुंबईवरचा हल्ला झाला, जागतिक मंदीही होतीच, हॉटेलांचा खप बसला, टाक्यांत आधीचीच वाइन पडून होती. २००९ च्या हंगामात कंपनीची गाडी आली नाही. शिराझ कोणी खायला घेत नाही, फळ लहान, बियांचे, जाड सालीचे. दादाने एक वर्ष वाट पाहिली आणि २०१० च्या उन्हाळ्यात वेली उपटल्या. त्या दोन-तीन वर्षांत नाशिक जिल्ह्यात अनेकांनी हेच केले.

आणि २०१०-११ या वर्षातच ‘नाशिक व्हॅली वाइन’ हे नाव भौगोलिक निर्देश म्हणून चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात नोंदले गेले. मी उत्साहाने दादाला फोन केला. तो म्हणाला, “बरं झालं की. पण ते नाव लावायला आता बाटलीत काय भरणार रे?”

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि ते शोधता शोधता मी या कागदपत्रांच्या वाचनात पडलो. मी कायद्याचा पदवीधर नाही, शेतीचाही नाही. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये संध्याकाळच्या वर्गात शिकलेले फ्रेंच आणि एक जाडजूड शब्दकोश एवढ्यावर फ्रान्समधल्या वाइनच्या नियमावल्या वाचल्या. वाइन स्वतः मोजून पाच-सहा वेळा चाखली आहे, तीही बेताचीच आवडली. चवीबद्दल या लेखात काही नाही; फ्रेंच कागद आणि आपला कागद शेजारी ठेवून मजकूर म्हणून वाचले तर काय दिसते, ते मांडतो.

फ्रान्सचा कागद कशाला, तर ही सगळी कल्पनाच तिकडच्या वाइनमधून आली म्हणून. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स करारात भौगोलिक निर्देशांच्या संरक्षणाचे दोन मुख्य अनुच्छेद आहेत. बाविसावा सर्व मालाला लागू आहे. लोकांची दिशाभूल होत असेल तर नाव वापरता येत नाही. तेविसावा फक्त वाइन आणि मद्यार्कासाठी आहे आणि कितीतरी कडक आहे. तिथे दिशाभूल सिद्ध करावी लागत नाही. ‘अमुक पद्धतीची’ असे प्रामाणिकपणे लिहिले तरी ते चालत नाही. याचा एक विचित्र परिणाम असा की महाराष्ट्रातल्या साऱ्या नोंदणीकृत नावांमध्ये आंतरराष्ट्रीय कायद्याचे सर्वांत भक्कम संरक्षण नाशिकच्या वाइनला आहे, कोल्हापुरी चपलेला नाही. चपलेची नोंदणी २०१८ सालची, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांसाठी. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानमध्ये कोल्हापुरीच्या वळणाच्या चपला दाखवल्या तेव्हा किती गहजब झाला आणि कायद्याने त्यातून किती थोडे निघाले, हे ताजेच आहे.

आपल्या पुणे जिल्ह्याचाही या इतिहासात एक मजेदार कोपरा आहे. १९८० च्या दशकात नारायणगावला फेसाळत्या वाइनचा कारखाना उभा राहिला, फ्रेंच तंत्र आणून. त्यांची ‘ओमर खय्याम’ परदेशात विकली गेली. कंपनीचे नाव होते शॅम्पेन इंडेज. पुढे ते इंडेज व्हिन्टनर्स झाले. फ्रान्समधल्या ज्या एका प्रदेशाच्या नावासाठी १९११ साली शेतकऱ्यांनी दंगली केल्या, व्यापाऱ्यांची कोठारे फोडून पिंपे रस्त्यावर ओतली, ते नाव जुन्नर तालुक्यातल्या कारखान्याच्या पाटीवर होते.

दंगलींचा उल्लेख केला तो मुद्दाम. फ्रेंच वाइनचे नियम म्हणजे शतकानुशतकांची अभिरुची, असे पर्यटकांच्या पुस्तकांत असते. प्रत्यक्षात ते भांडणातून आले. १८६३ च्या सुमारास रोन नदीकाठच्या प्युजो गावात वेली कारण न कळता वाळू लागल्या. अमेरिकेतून आलेली फायलॉक्सेरा ही मुळांवरची कीड होती ती. पुढच्या काही दशकांत तिने फ्रान्सच्या बागा उजाड केल्या. अमेरिकन खुंटावर कलमे करून बागा पुन्हा उभ्या राहिल्या, पण मधल्या काळात बनावट माल बोकाळला होता. (कलम आपल्याकडेही होते, डॉगरिजच्या खुंटावर, कारण वेगळे, पाण्याची टंचाई आणि जमिनीतला क्षार.) १९०५ मध्ये भेसळीविरुद्ध कायदा झाला. ६ मे १९१९ च्या कायद्याने नावाचा हक्क न्यायालयाकडे सोपवला. हा माल या गावचा आहे आणि इथे पूर्वापार होतो, एवढे सिद्ध झाले की गावाचे नाव लावता येई.

पुढे जे झाले ते आपण लक्षपूर्वक वाचायला हवे. नावाजलेल्या गावांच्या हद्दीत लोकांनी नदीकाठच्या सुपीक, दलदलीच्या जमिनीत भरघोस पिकणाऱ्या हलक्या जाती लावल्या आणि कायदेशीरपणे मोठे नाव लावून विकल्या. माल त्याच गावचा होता, खोटे काहीच नव्हते! जोझेफ काप्यू नावाचा शेतीचा प्राध्यापक, पुढे मंत्री आणि सिनेटर, याच्याविरुद्ध वर्षानुवर्षे बोलत राहिला. उगम सांगणारा पण दर्जा न बांधणारा कायदा फसवणुकीलाच संरक्षण देतो, हे त्याचे म्हणणे. १९२७ मध्ये कायद्यात जमीन आणि जात यांच्या अटी आल्या, आणि ३० जुलै १९३५ च्या वटहुकुमाने आज जी ‘आपेलासिओं’ म्हणून ओळखली जाते ती व्यवस्था जन्मली.

१५ मे १९३६ रोजी या व्यवस्थेखाली जी पहिली नावे मंजूर झाली त्यांत शातोनफ-द्यु-पाप हे एक होते. नावाचा अर्थ पोपचा नवा किल्ला. चौदाव्या शतकात पोप जवळच्या आविन्योंला राहत, त्याची आठवण त्या नावात आहे. या गावची वाइन एके काळी बर्गंडीच्या फिक्या मालात ‘औषध’ म्हणून मिसळायला जाई. १९२३ मध्ये गावचे शेतकरी बारों ल रॉय या माणसाकडे गेले. तो वकिलीचे शिक्षण झालेला, पहिल्या महायुद्धातला वैमानिक, गावचा जावई. आमचे नाव दुसरे वापरतात, ते थांबवा, अशी मागणी होती. आधी तुम्ही स्वतः शिस्त पाळायला तयार असाल तर येतो, असे तो म्हणाला, असे सांगतात. प्रकरण न्यायालयात १९३३ पर्यंत चालले. जी नियमावली ठरली ती अशी होती : ज्या रानात लव्हेंडर आणि थाइम ही दोन्ही झुडपे उगवतात तेवढीच जमीन घ्यायची, म्हणजे कोरडी, दगडगोट्यांची, दुसऱ्या पिकाला निकामी. ठरलेल्याच जाती लावायच्या. १९३६ च्या यादीत त्या तेरा झाल्या. मद्यांश किमान साडेबारा टक्के, तोही साखर न मिसळता. तोडणीत किमान पाच टक्के द्राक्षे निवडून बाजूला काढायचीच, पीक कितीही चांगले असो. गुलाबी वाइन या नावाने करायची नाही.

आजच्या नियमावलीत हेक्टरी ३५ हेक्टोलिटर ही मर्यादा आहे. आपल्या मापात एकरी साधारण १४०० लिटर, बाटल्या १९०० च्या आत. तोडणी हातानेच. आपेलासिओंच्या बागेला वेलीच्या वाढीच्या काळात पाणी देण्यावरही सर्वसाधारणपणे बंदी असते. दुष्काळात परवानगी काढावी लागते.

या मजकुराची जात कोणती? हा मजकूर जवळजवळ पूर्णपणे नकाराचा आहे. इथे लावू नका, इतक्यावर पिकवू नका, हे टाका, तसे करू नका. गावाची स्तुती शोधावी लागते. ती शेवटी ‘प्रदेशाशी संबंध’ या प्रकरणात येते, आणि तिथेही गोट्यांची जमीन आणि मिस्त्राल वारा यांचे वर्णन बरेचसे कोरडे आहे. (याच गावाच्या महापौराने १९५४ मध्ये हुकूम काढून गावावरून उडत्या तबकड्या नेण्यास आणि उतरवण्यास मनाई केली. नकाराची हौस म्हणा. पुणेरी पाट्यांच्या गावात राहणाऱ्याला ती परकी वाटत नाही.)

आता आपला कागद. १९९९ चा कायदा १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. अर्ज कसा करावा हे २००२ च्या नियमांत आहे, आणि नोंदणी कार्यालयाच्या जर्नलमध्ये अर्ज छापले जातात तेव्हा त्यांचे ठरावीक मथळे असतात : मालाचे वर्णन, प्रदेश व नकाशा, उत्पादनाची पद्धत, वैशिष्ट्य. त्यांतला एक मथळा आहे ‘प्रूफ ऑफ ओरिजिन’, म्हणजे उगमाचा पुरावा. आणि त्याला जोडून येतो खुलासा : ऐतिहासिक नोंदी.

या मथळ्यापाशी मी बराच काळ थांबलो. युरोपच्या नियमांतही हेच शब्द आहेत. तिथे उगमाचा पुरावा म्हणजे ही बाटली, हे चीज, हा डबा खरोखर त्या हद्दीतून आला हे दाखवणारी साखळी : कोणत्या तुकड्यातला माल, किती, कोणत्या टाकीत, कोणत्या तारखेला. फ्रेंच नियमावलीचा दुसरा भाग पूर्णपणे याच नोंदवह्यांचा आणि जाहीर करायच्या आकड्यांचा आहे. आपल्याकडे तेच शब्द आले आणि पुरावा वस्तूचा न राहता नावाचा झाला. तू कुठून आलास, असे तिथे बाटलीला विचारतात. तू किती जुना, असे आपण नावाला विचारतो. मग अर्ज लिहिणारा अभ्यासक गॅझेटियर उघडतो, प्रवासवर्णने चाळतो, राजघराण्यांचे उल्लेख जमवतो.

ही लेखनपद्धती आपल्याला अनोळखी नाही. ती स्थलमाहात्म्याची आहे. नाशिकच्या गोदावरीचेच ‘गौतमीमाहात्म्य’ ब्रह्मपुराणात आहे. हे तीर्थ कसे उत्पन्न झाले, इथे कोणी तप केले, कोणाला काय लाभले, आणि शेवटी फलश्रुती. आपल्या अर्जांतही उत्पत्ती असते, थोरांचे येणे-जाणे असते, आणि शेवटी निर्यातवाढीची फलश्रुती असते. मी हे हेटाळणीने म्हणत नाही. माहात्म्य हा समृद्ध वाङ्मयप्रकार आहे आणि या अर्जांमुळे कितीतरी स्थानिक माहिती पहिल्यांदा एकत्र लिहिली गेली. पुणेरी पगडीला २००९ मध्ये नोंदणी मिळाली. पगडीसारख्या वस्तूला इतिहास हाच मोठा आधार, ते समजण्यासारखे आहे. पण माहात्म्याचा स्वभावच असा की ते कोणाला अडवत नाही. जो येईल त्याला पुण्य.

नाशिकच्या वाइनपाशी तर ही पद्धत उघडीच पडते, कारण सांगायला प्राचीनता नाही. सुलाची पहिली वाइन २००० सालची, राज्याचे द्राक्षप्रक्रिया धोरण २००१ चे, विंचूरचे वाइन पार्क त्यातलेच. कायदा प्राचीनता मागतही नाही. अशा तरुण नावाला उभे राहायचे तर शातोनफसारखे स्वतःवर घातलेल्या अटींवरच राहता येईल.

नियम ३२ मध्ये अर्जात काय काय असावे याची यादी आहे, आणि तीत तपासणी यंत्रणेचा तपशील मागितला आहे. मागताना नियमाने दोन शब्द जोडले आहेत : ‘इफ एनी’. असल्यास. मुद्रितशोधकाला असे शब्द दिसतात. फ्रेंच व्यवस्थेत तपासणीचा आराखडा मंजूर नसेल तर नावच लावता येत नाही. आपल्या नियमात ती यंत्रणा असली तर कळवा. माझ्या मते या एका ‘असल्यास’मुळे आपला कायदा १९१९ च्या फ्रान्सपाशी उभा आहे, काप्यूच्या आधी. दर एप्रिलला मार्केट यार्डात याचा अनुभव घ्यावा. हापूसची नोंदणी कोकणातल्या पाच जिल्ह्यांसाठी २०१८ मध्ये झाली. पण कर्नाटकचा आंबा ‘रत्नागिरी’, ‘देवगड’ म्हणून गळ्यात मारला जातो हे पुण्यातल्या प्रत्येक घराला माहीत आहे. शेवटी देवगडच्या उत्पादक संस्थेलाच २०२५ च्या हंगामात फळागणिक वेगळ्या क्रमांकाचे स्टिकर काढावे लागले.

आता दादाच्या कराराकडे परत येतो. एकरी पाच टन, साखर, तोडणीची तारीख, या सगळ्या शातोनफच्याच तऱ्हेच्या अटी होत्या. म्हणजे बंधने आपल्याकडे होतीच, आणि शेतकऱ्याने ती पाळलीही होती. फक्त ती कंपनीच्या कागदावर होती. शातोनफमध्ये ती गावच्या उत्पादकांच्या संघाने लिहिली. एखादा व्यापारी बुडाला तरी अट, नाव आणि माल तिघेही गावातच राहतात आणि दुसरा व्यापारी येतो. दिंडोरीत कंपनीने पाठ फिरवली त्या दिवशी दादाच्या चार वर्षांच्या कमी पिकवण्याला काही अर्थ उरला नाही. ‘नाशिक व्हॅली’ हे नाव नंतर आले, पण त्याच्या पाच टनांची नोंद त्या नावात कुठे नव्हती.

फ्रेंच व्यवस्थेची भलामण इथे थांबवायला हवी, कारण तिची दुसरी बाजू मला अस्वस्थ करते. बोर्दोची प्रसिद्ध १८५५ ची प्रतवारी दलालांनी मुख्यतः बाजारभावावरून केली, आणि ती जवळजवळ तशीच गोठली. मोठा म्हणावा असा एकच बदल १९७३ मध्ये झाला. सेंत-एमिलियोंने दर दहा वर्षांनी फेरपाहणीची सोय ठेवली तर २००६ ची यादी न्यायालयात रद्द झाली आणि पुढे शव्हाल ब्लाँ, ओझोन ही सर्वांत वरची नावेच प्रतवारीतून बाहेर पडली. दक्षिणेत मास द दोमास गासाक या बागेने नियमांबाहेर राहून, साध्या प्रादेशिक लेबलाखाली नाव कमावले.

आपल्यापुरता आक्षेप याहून नेमका आहे. महाराष्ट्राची द्राक्षशेती जातींच्या बंद यादीवर वाढलेली नाही. सांगलीच्या तासगाव तालुक्यात बोरगावच्या बागेत थॉमसनच्या वेलींमध्ये वेगळी फांदी दिसली, तिची तास-ए-गणेश झाली. सोलापूरजवळ नान्नजच्या नानासाहेब काळे यांच्या नजरेने सोनाका दिली. शातोनफच्या पद्धतीने १९७० साली कोणी ‘याच जाती, दुसऱ्या नाही’ असे लिहून ठेवले असते तर या दोन्ही बेकायदा ठरल्या असत्या. शिवाय त्यांची वेल हिवाळ्यात झोपते. आपली झोपतच नाही, तिला एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची छाटणी अशा दोन छाटण्यांनी वळवावे लागते. तेव्हा त्यांची कलमे उचलून आणण्यात अर्थ नाही. अटी इथल्या हव्यात आणि बदलण्याची वाट त्यांतच हवी. पण त्या लिहायच्या बागाईतदारांनी.

“आपल्या शेतकऱ्याला हे कागद जमणार नाहीत,” असे मला एका चर्चेत ऐकवले गेले. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकण्याचा निर्णय झाला तेव्हाचा तो काळ. वाइन दारू आहे की नाही यावर सारा महाराष्ट्र भांडत होता. बाटलीत कुठली द्राक्षे, हे मात्र कोणी विचारत नव्हते. जमणार नाही म्हणणाऱ्यांनी मांजरीला जावे. आपल्या सोलापूर रस्त्यावर राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, शेजारी द्राक्ष बागाईतदार संघ आहे. २००३ मध्ये कीटकनाशकांच्या अंशांवरून युरोपात आपल्या द्राक्षांची अडचण झाली आणि त्यातून पुढे अपेडाची ‘ग्रेपनेट’ ही व्यवस्था आली. निर्यातीच्या प्रत्येक बागेची प्लॉटनिहाय नोंदणी, फवारणीच्या नोंदी, प्रयोगशाळेचा नमुना, आणि कंटेनरमधल्या पेटीवरून मागे थेट बागेपर्यंत जाता येईल अशी साखळी. युरोपी अर्थाने हाच उगमाचा पुरावा. नाशिक-सांगलीचा शेतकरी तो खाण्याच्या द्राक्षांसाठी वर्षानुवर्षे देतो आहे, युरोपने मागितला म्हणून.

गेल्या फेब्रुवारीत दिंडोरीला गेलो होतो. शिराझ होती त्या दोन एकरांत आता थॉमसन आहे, निर्यातीची. दादा पॅकहाउसच्या माणसांची वाट पाहत ओट्यावर बसला होता. मी फ्रेंच नियमावलीतल्या नोंदवहीचे प्रकरण त्याला मराठीत सांगू लागलो : जाहीर केलेले क्षेत्र, वेलींची संख्या, तोडणीची तारीख, वजन. तो मधेच उठून आत गेला आणि कडा दुमडलेली एक लांबट वही घेऊन आला. पहिल्या पानावर प्लॉटचा नोंदणी क्रमांक, खाली छाटणीची तारीख, मग पानोपानी फवारण्या, औषधाचे नाव, प्रमाण, सूनबाईच्या अक्षरात. तो म्हणाला, “हीच ना?” मी पाने उलटत राहिलो. तेवढ्यात गाडी आली आणि त्याने वही माझ्या हातातून घेतली, कारण ती आधी दाखवायची होती.